अवयव न शोधता लागलेला निकाल

२ चा ६७वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही २१ अंकी संख्या मिळते. फ्रान्सच्या मेर्सेनने १६४४मध्ये ती मूळ संख्यांच्या यादीत घातली. १८७६मध्ये गणितज्ञ ल्युकाने ती मूळ नाही हे सिद्ध केलं, तेही एकही अवयव हाती नसताना! मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

अवयव शोधताना एक आधार होता: या संख्येच्या कोणत्याही अवयवाला १३४ने भागलं, तर बाकी १च उरते. तरीही १९,३७,०७,७२१ सापडेपर्यंत अशा चौदा लाखांहून अधिक संख्या वाटेत येतात. अमेरिकेच्या फ्रँक कोलने १९०३मध्ये तो अवयव जाहीर केला. जोडीदार अवयव ७,६१,८३,८२,५७,२८७. कागदावर गुणाकार करून पाहाच.