कोबाल्ट, ब-१२ जीवनसत्त्व आणि श्रमिकांचा रक्तक्षय

जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचा विचार पाठ्यपुस्तकांतून दोन निराळ्या प्रकरणांत केला जातो. अध्यापनास ही विभागणी सोयीची असली, तरी शरीरव्यापार ती मानीत नाही. ब-१२ जीवनसत्त्वाच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू असतो. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५६ मध्ये ही रचना उलगडून दाखविली. हे द्रव्य वनस्पती निर्माण करीत नाहीत, प्राणीही नाहीत. ते केवळ सूक्ष्मजंतूच घडवितात. चाऱ्यातून आलेला कोबाल्ट वापरून गाईच्या पोटातील जंतू ते तयार करतात व तेथून ते दुधात उतरते. चाकणच्या प्रसिद्ध बाजारातील कांद्याबटाट्यांत मात्र त्याचा लवलेशही नसतो.

१९४८ मध्ये ब-१२ यकृतातून स्फटिकरूपात मिळाले. त्याच वर्षी ते स्ट्रेप्टोमायसीज ग्रिसियस या जंतूच्या किण्वनद्रवातही आढळले. स्ट्रेप्टोमायसिन देणारा जंतू तोच. पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात पेनिसिलीनपाठोपाठ याच स्ट्रेप्टोमायसिनचे उत्पादन झाले, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

रक्तक्षयाचे प्रकार वेगळे ओळखण्याच्या कामी महाराष्ट्रातील श्रमिकांचा वाटा मोठा आहे. ल्यूसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईच्या कापड गिरण्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला आणि त्यांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील ते द्रव्य पुढे फॉलिक आम्ल या नावाने ओळखले गेले.

फॉलिक आम्ल आणि ब-१२ यांची कार्ये परस्परांत गुंतलेली आहेत. ब-१२ नसेल तर फॉलेट एका निरुपयोगी रूपात अडकून पडते. परिणामी पेशीविभाजन खोळंबते आणि तांबड्या पेशी मोठ्या व अपक्व राहतात. अशा वेळी फॉलिक आम्ल भरपूर दिल्यास रक्त सुधारते. परंतु मज्जातंतूंच्या आवरणासाठी ब-१२ लागतेच, आणि तेथील ऱ्हास तसाच चालू राहतो. हातापायांना मुंग्या येणे, चाल अडखळणे ही त्याची चिन्हे होत. रक्ताचा आकडा समाधानकारक आणि रोगी मात्र खालावत चाललेला, ही स्थिती फसवी म्हटली पाहिजे.

पुणे परिसरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि भोवतालच्या खेड्यांतील ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ ची पातळी कमी होती, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते! म्हणजे हा केवळ दारिद्र्याचा रोग नव्हे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासाचे निष्कर्ष अधिक चिंताजनक आहेत. गरोदरपणात ज्या मातांचे फॉलेट जास्त व ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला. एकच जीवनसत्त्व देऊन दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणे निरुपद्रवी असते, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत पाळीवर काम करणारे, खाणावळीत जेवणारे अनेक कामगार प्रामुख्याने भाकरी-पोळी, भात व डाळ यांवर राहतात. येथे आणखी एक गुंतागुंत संभवते. लोहाच्या अभावी तांबड्या पेशी लहान होतात, ब-१२ च्या अभावी मोठ्या. दोन्ही उणिवा एकत्र आल्यास पेशींचा सरासरी आकार प्राकृत भासतो. म्हणून केवळ हिमोग्लोबिन व पेशींचा आकार पाहून भागत नाही. रक्तद्रवातील ब-१२, आणि शक्य तेथे होमोसिस्टीन, मोजावे लागते. दैनंदिन गरज मात्र किती थोडी! प्रौढास सुमारे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम पुरतात, आणि पेलाभर दुधातून त्यांपैकी साधारण एक मिळतो. मांसाहार किंवा अंडी वर्ज्य असणाऱ्याने दूधही सोडले असेल, तर औषधावाचून गत्यंतर उरत नाही.