मल्लखांबाचे नियम आणि निसर्गाचे नियम

शाळेच्या पटांगणावर चाललेला कराटेचा वर्ग तुम्ही पाहिला असेल. पांढऱ्या पोशाखातील मुले प्रथम वाकून नमस्कार करतात आणि मग बराच वेळ हवेतच ठोसे व लाथा मारीत राहतात. समोर प्रतिस्पर्धी कोणीच नसतो! ठरावीक हालचालींच्या या मालिकेला जपानी भाषेत ‘काता’ म्हणतात. ओकिनावा बेटावर वाढलेल्या या विद्येत दुसऱ्याला मारण्यापेक्षा स्वतःवर ताबा मिळविण्याला अधिक मान आहे. म्हणून तिच्यात शिस्त, क्रम आणि सराव यांवर एवढा भर दिला जातो.

प्रतिस्पर्ध्याशिवाय शिकण्याची अशीच एक विद्या आपल्या पुण्यात नव्याने उभी राहिली. ती म्हणजे मल्लखांब. तिचेही नियम कडक आहेत. तेल थोडेच लावा, दोरीला गाठ मारू नका, उडी दबून घ्या, पायरी गाळू नका. हे नियम वस्ताद सांगतात म्हणून पाळायचे, की त्यांना काही कारण आहे? आज आपण हे नियम भौतिकशास्त्राच्या कसोटीला लावून पाहू.

पेशव्यांच्या पुण्यात

मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. कुस्तीगिराने सरावासाठी वापरायचा हा खांब फार जुना आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पुढे ही विद्या मागे पडली. तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते.

आख्यायिका अशी, की निजामाकडील अली आणि गुलाब हे दोन बलाढ्य मल्ल पुण्यात आले आणि त्यांनी आव्हान दिले. तरुण बाळंभटाने ते स्वीकारले, पण तयारीसाठी मुदत मागून घेतली. वणीच्या सप्तशृंगी गडावर त्याने उपासना केली. तेथे मारुतीच्या दृष्टान्तातून त्याला लाकडी खांबावर सराव करण्याची युक्ती सुचली आणि त्या बळावर त्याने अलीला चीत केले. दृष्टान्ताचा भाग श्रद्धेचा म्हणून बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आव्हान मिळताच बाळंभट आखाड्यात उतरला नाही. त्याने आधी तयारी केली.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि बाजीराव कानपूरजवळ ब्रह्मावर्तास गेला. त्याच्याबरोबर ही विद्याही उत्तरेत पोचली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. २०१९ मध्ये मुंबईला शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली.

तेल थोडेच का?

पुरलेला मल्लखांब शिसवी किंवा सागवानी लाकडाचा असतो. त्याची जमिनीवरील उंची सुमारे अडीच मीटर असते. तळाशी घेर अर्ध्या मीटरहून थोडा अधिक असतो आणि वर तो निमुळता होत जातो. माथ्यावरच्या गोल भागाला बोंड म्हणतात आणि त्याखालच्या बारीक भागाला मान.

शिकाऊ मुलाला प्रथम ‘अढी’ शिकवितात. अढी म्हणजे डोके खाली, पाय वर करून दोन्ही मांड्यांत खांब पकडणे. आता हिशेब करू. मुलाचे वस्तुमान ५० किलोग्रॅम असेल, तर पृथ्वी त्याला सुमारे ४९० न्यूटन बलाने खाली ओढते. हात सोडल्यावर हे सर्व बल घर्षणाने पेलायचे असते. समजा, कातडी आणि लाकूड यांच्यामधील घर्षणांक ०.५ आहे. मग प्रत्येक मांडीने खांबावर ४९० न्यूटन बल लावले, तर प्रत्येक बाजूला २४५ न्यूटन घर्षण मिळते आणि मुलगा जागच्या जागी राहतो. म्हणजे दोन्ही बाजूंनी जणू स्वतःच्याच वजनाएवढा दाब द्यावा लागला! आता तेलाने घर्षणांक निम्मा, म्हणजे ०.२५ झाला असे समजा. तेवढ्यासाठीच आता दुप्पट दाब द्यावा लागेल.

मग तेल लावावेच कशाला? कारण मल्लखांब म्हणजे नुसते चिकटून राहणे नव्हे. खांबाभोवती फिरायचे असते, घसरायचे असते. कोरड्या लाकडावर अंगाची सालटी निघतील. यासाठी एरंडेलच वापरतात. एरंडेल पाण्याच्या शेकडो पट दाट असते. त्यातील मुख्य घटक असलेल्या रिसिनोलिक आम्लाच्या रेणूवर एक जादा हायड्रॉक्सिल गट असतो. त्यामुळे रेणू एकमेकांना धरून राहतात आणि तेल सहज वाहत नाही. दाबाखालीही त्याचा पातळ थर टिकतो. म्हणून तेल थोडे लावले की कातडी वाचते आणि पकडही राहते. फार लावले, की पकड जाते.

दोरीला गाठ नाही

मल्लखांबाचा दुसरा प्रकार पूर्वी वेतावर करीत. आता त्यासाठी टांगलेला दोर वापरतात. येथे गाठ मारण्यास मनाई आहे. मग खेळाडू अधांतरी राहतो कसा? दोर अंगाभोवती वळवून आणि त्याचा शेवट पायाच्या अंगठ्यात पकडून.

गोल वस्तूभोवती दोर गुंडाळला, की घर्षणाचा परिणाम वेढ्यांबरोबर गुणाकाराने वाढतो. घर्षणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने टोकाला लागणारे बल सुमारे साडेसहा पटीने कमी होते. दोन वेढ्यांनी ते सुमारे ४३ पटीने कमी होते. म्हणजे ५० किलोग्रॅमचा भार सव्वा किलोग्रॅमहून कमी भाराएवढ्या बलाने रोखून धरता येतो. पायाच्या अंगठ्याला हे सहज जमते! धक्क्याला लागलेले प्रचंड जहाज खलाशी खुंटाला दोराचे काही वेढे देऊन थांबवितात, तेही याच तत्त्वाने.

गाठ आणि वेढा यांत महत्त्वाचा फरक आहे. भार पडला की गाठ आवळते आणि अडचणीच्या वेळी सुटत नाही. वेढा मात्र अंगठा सैल करताच मोकळा होतो. परंतु वेढ्यांचा क्रम चुकला, तर तो नको तेव्हाही मोकळा होतो. म्हणून एकेक पेच जमिनीजवळ घोटून घ्यायचा आणि मगच वर चढायचे. ‘पायरी गाळू नका’ या नियमाचे कारण हे आहे.

उडी आणि उलटे डोके

बोंडावरून उडी मारताना ‘गुडघे दुमडा, दबून या’ असे वस्ताद ओरडून सांगतात. समजा, पाय टेकेपर्यंत शरीराचा गुरुत्वमध्य २ मीटर खाली आला. ताठ पायांनी उतरणारा मुलगा फक्त ५ सेंटिमीटर अंतरात थांबला, तर जमिनीचे सरासरी बल त्याच्या वजनाच्या ४१ पट होते. दबून ४० सेंटिमीटर अंतरात थांबला, तर ते फक्त ६ पट होते. मुलगा तोच, उंचीही तीच. फरक केवळ थांबण्याच्या अंतराचा आहे, पण घोटे आणि कणा यांच्या दृष्टीने हाच फरक इजा आणि सुरक्षितता यांमधला आहे. खाली गादी अंथरण्याचा हेतूही थांबण्याचे अंतर वाढविणे हाच.

अढीत सुरुवातीला थोडेच आकडे मोजून उतरवितात. तेही योग्यच आहे. उभे असताना मेंदू हृदयाच्या सुमारे ३० सेंटिमीटर वर असतो. पारा रक्ताच्या साधारण १३ पट घन आहे. म्हणून डोक्यातील रक्तदाब हृदयाजवळच्या दाबापेक्षा सुमारे २३ मिलिमीटर पाऱ्याइतका कमी असतो. उलटे होताच तो तेवढाच अधिक होऊ पाहतो. हृदय आणि रक्तवाहिन्या हा बदल सावरून घेतात, पण त्यांनाही सवय लागते. ज्यांना रक्तदाबाचा किंवा डोळ्यांचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे करू नये.

कोणते नियम, कोणते दावे?

खांबाला नमस्कार करण्यात मात्र यामिकीचा नियम शोधू नका. त्या क्षणी गडबड थांबते, श्वास संथ होतो आणि लक्ष एका ठिकाणी येते. एवढा उपयोग पुरेसा आहे. ‘मल्लखांबाने सर्व रोग बरे होतात’ यासारखे दावे ऐकू आले, तर पुरावा मागा. नियमित सरावाने पकड, लवचिकपणा, तोल आणि धीर वाढतो, हे तर कोणालाही स्वतः अनुभवता येते.

काही मुले घाईने वरची उडी करायला जातात आणि पाय मोडून घेतात. दुसरी मुले नियम पाळतात, पण त्यामागचे कारण कधी विचारीत नाहीत. पहिल्यांना खांब लगेच शिक्षा करतो. दुसरी मुले नवा प्रसंग आला की गोंधळतात, कारण त्या प्रसंगाचा नियम त्यांना कोणी सांगितलेला नसतो. कारण समजून नियम पाळणारा विद्यार्थी या दोघांहून पुढे जातो. कराटेच्या वर्गातील ‘काता’लाही हेच लागू आहे. खांब कोणाचीही भीड धरीत नाही. हिशेब चुकला की तो खाली आणतो, बरोबर आला की पेलून धरतो.

करून पाहा

गुळगुळीत गोल लाकडी दांडा आडवा घट्ट बांधा. त्यावरून सुतळी टाकून एका टोकाला पाण्याने भरलेली बाटली आणि दुसऱ्या टोकाला एक लहान पिशवी बांधा. पिशवीत एकेक नाणे टाका. बाटली खाली न घसरता जागेवर राहण्यासाठी कमीत कमी किती नाणी लागतात ते मोजा. मग सुतळीचा एक पूर्ण वेढा वाढवून पुन्हा मोजा. शिक्षकांच्या मदतीने आलेख काढा आणि त्यावरून तुमच्या दांड्याचा घर्षणांक काढून पाहा.