उलटी बसवलेली पत्ती

पहाटे साडेचारला बुलेट चालू करायची म्हणजे आळीची माफी आदल्या रात्रीच मागून ठेवावी लागते. माझी 1986 ची आहे, बिडाच्या इंजिनाची. अंगठ्यानं बटण दाबलं आणि निघाले, हा प्रकार तिच्यात नाही. चावी फिरवायची आणि किक हळूहळू दाबत न्यायची. हँडलच्या मध्यात एक छोटा अँमीटर असतो. त्याचा काटा डावीकडं कलंडलेला असतो. किक दाबताना एका जागी पायाला अडल्यासारखं होतं, काटा मध्यावर येतो. तिथं थांबायचं. मग क्लचजवळची चिमुकली खटकी ओढायची. तिला डीकॉम्प्रेसर म्हणतात. फुस्स करून आतली हवा सुटते, किक दोन बोटं पुढं सरकते. खटकी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगातलं सगळं वजन घालून एकच लाथ.

यातली एक पायरी गाळली तर किक उलटी येते. पिस्टन वर पोचायच्या आधी ठिणगी पडली की तो मागं फिरतो आणि त्याच्याबरोबर आपला पायही. माझी नडगी एकदा अशी सुजली होती की डॉक्टरांनी विचारलं, "या वयात कबड्डी?"

कराडात आमची पाच-सहा जणांची टोळी आहे. मी एसटीत हिशेब लिहून निवृत्त झालो. बाकीच्यांत एक शिक्षक, एक किराणा दुकानदार, दोन शेतकरी आणि माझा धाकटा मेव्हणा. दर रविवारी आम्ही कुठंतरी 'राउंड'ला जातो असं घरी सांगतो. खरं म्हणजे निम्मा रविवार कुणाच्यातरी अंगणात एका गाडीभोवती उकिडवे बसून जातो. एकजण पाना धरतो, चौघं सल्ला देतात. गाडी चालवण्यापेक्षा ती उघडून बसण्यातच यांना गोडी, असं आमच्या मंडळींचं मत आहे, आणि ते चुकीचं नाही.

या इंजिनाचं वेड का लागतं, तर त्याच्या संथपणामुळं. सिलिंडर एकच, 346 सीसीचा. व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90. नळी अरुंद, धाव लांब, त्यामुळं फेरे कमी आणि प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. त्यालाच लोक 'फायरिंग' म्हणतात. साठच्या वेगात ती खूष असते. ऐंशीला आरसे इतके थरथरतात की मागच्या ट्रकचे दोन ट्रक दिसतात. जुन्या गाड्यांचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, हल्लीच्या गाड्यांच्या बरोब्बर उलट. हे नीट लक्षात ठेवा, पुढं शहाळी येणार आहेत.

यंदा जानेवारीत मी घरी जाहीर केलं की गोविंदपुरम्‌ला जाऊन येतो. कुंभकोणमजवळचं गाव, तमिळनाडूत. तिथं विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं मंदिर आहे.

"विठ्ठल पंढरपुरात असतो," बायको म्हणाली. "सव्वाशे किलोमीटरवर. एसटीचा पास आहे तुमच्याकडं."

तिला पटेल असं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मनातलं कारण दुसरंच होतं. ही गाडी मूळची मद्रासची. इंग्लंडात रेडिच गावच्या कंपनीशी हातमिळवणी करून 1955 मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात बुलेट बनू लागली. पुढं रेडिचची मूळ कंपनीच बंद पडली आणि बुलेट तेवढी मद्रासला बनत राहिली. म्हणजे आमचा विठ्ठल इकडून तिकडं गेलेला आणि माझी बुलेट तिकडून इकडं आलेली. एकदा समोरासमोर उभं करावं, एवढंच डोक्यात होतं. हे बायकोला सांगितलं असतं तर तिनं डॉक्टरांनाच फोन लावला असता.

मेव्हणा त्याची नवी गाडी घेऊन बरोबर निघाला. त्याच्या सामानात मोबाइलचे दोन चार्जर होते. माझ्या डब्यात प्लग, प्लगपाना, पक्कड, पॉइंट घासायला पॉलिश पेपर, ट्यूब, तांब्याची तार, चेनचा सुटा जोड आणि आंघोळीच्या साबणाची वडी. टाकीला बारीक चीर गेली तर ओला साबण दाबून बसवला की पुढचं गाव येईपर्यंत निभतं. क्लचची जादा वायर डब्यात ठेवायची नसते. ती जुन्या वायरीशेजारून आधीच ओढून टेपनं बांधून ठेवायची. तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. हे शहाणपण मला आंबा घाटात, पावसात, रात्री आठ वाजता आलं होतं.

जायला साडेअकराशे किलोमीटर, तीन दिवस. पहिला मुक्काम चित्रदुर्ग, दुसरा सेलम. निपाणीला चहा पिताना दिसलं की मागची नंबरप्लेट एकाच नटावर लोंबतेय. दुसरा नट कागलच्या आसपास कुठंतरी सुखात असेल. बंगळुरूला इलेक्ट्रॉनिक्स सिटीच्या उंच रस्त्यावर न चढता खालच्या गर्दीतून क्लच दाबत-सोडत होसूर गाठलं. डाव्या हाताची बोटं रात्री जेवताना मिटत नव्हती.

धर्मपुरीच्या अलीकडं मेव्हणा म्हणाला, "दाजी, जरा मी घेतो तुमची." मी दिली. पाच किलोमीटर छान गेला. मग शहाळं प्यायला थांबायचं म्हणून त्यानं गाडी बाजूला घेतली आणि सवयीनं उजव्या पायानं ब्रेक दाबला. तो ब्रेक नव्हता, गिअर होता. या गाडीत पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. त्यामुळं थांबायच्या ऐवजी गाडी वरच्या गिअरात गेली. तो आणखी जोरात दाबत राहिला. गाडी अगदी सावकाश, हत्ती पाण्यात शिरावा तशी, शहाळ्यांच्या ढिगात शिरली. शहाळी रस्ताभर गडगडली. विक्रेता ओरडला नाही, फक्त कोयता हातात घेऊन बघत राहिला, ते जास्त अवघड होतं. अकरा शहाळ्यांचे पैसे दिले. चार प्यायलो, बाकीची तुम्हीच ठेवा म्हटलं. तिथून पुढं तोप्पूरचा घाट मीच उतरवला.

रस्त्यात 'कुंभकोणम डिग्री कॉफी'च्या पाट्या शेकडो किलोमीटर आधीपासून सुरू होतात. पितळेच्या पेल्यात, वाटीसारख्या डबऱ्यात ठेवून देतात. कॉफी उत्तम. पण पेला इतका तापतो की ग्रीसनं माखलेल्या बोटांनाही चटका बसतो. बायकोसाठी तसला एक जोड घेतला, थोडी लाच म्हणून.

तिसऱ्या दिवशी कुंभकोणम सोडलं. गोविंदपुरम् तिथून मायिलाडुतुरैच्या बाजूला आहे. मोठा रस्ता सोडून मी हौसेनं आतला धरला. कावेरीचा सपाट मुलूख, भाताची कापणी चाललेली आणि डांबरी रस्त्यावर लांबच लांब पिंजार वाळत घातलेलं. एस. टी. असती तर वरून गेली असती. मीही गेलो. वीसेक पावलांवर मागून करकर आवाज आला, मग खट्, आणि इंजिन मोकळं ओरडायला लागलं. उतरून पाहिलं तर मागच्या चाकाच्या दांड्याभोवती पिंजाराची जाडजूड दोरी वळली गेलेली आणि चेन मागं रस्त्यावर मेलेल्या सापासारखी पडलेली.

चेनची दोन टोकं एका सुट्या जोडानं धरतात आणि त्यावर एक छोटी पत्ती चिमटीसारखी बसते. या पत्तीचं एक टोक बंद असतं, एक उघडं. बंद टोक चेन ज्या दिशेनं धावते तिकडं हवं. उलटं बसवलं तर उघड्या तोंडात काहीही अडकतं आणि पत्ती निसटते. सेलमला लॉजच्या दारात, रात्री, मोबाइलच्या उजेडात चेन काढून मी स्वतः ती बसवली होती. मेव्हणा उजेड धरून म्हणालाही होता, "दाजी, अशीच असती का?" मी म्हटलं होतं, "चाळीस वर्षं करतोय."

आता डब्यातला सुटा जोड शोधला. जोड होता, त्याची पत्ती नव्हती. पिंजार ज्यांचं होतं त्या बाई बांधावरून आल्या आणि बरंच काही बोलल्या. मला त्यातलं 'वंडी' तेवढं कळलं, म्हणजे गाडी. मी हात जोडले आणि चाकातलं पिंजार सोडवून त्यांच्या ढिगावर नीट ठेवलं. त्या हसल्या, कुणाला तरी हाक मारली. थोड्या वेळानं एक तरुण टीव्हीएस मोपेडवर आला. होसूरच्या कारखान्यातून 1980 मध्ये निघालेली टीव्हीएस फिफ्टी तुम्हाला आठवत असेल. तिच्या लेकी-नाती तिकडं अजून घरोघर आहेत, त्यांवरून भाताची पोतीही जातात. त्यानं मला बुलेटवर बसवलं, आपला एक पाय माझ्या मागच्या पायदाणाला लावला आणि टोचन दिलं. पावणेदोनशे किलोची माझी गाडी त्या पोपटाएवढ्या मोपेडनं दीड किलोमीटर, एका गॅरेजच्या शेडपर्यंत ढकलत नेली. मेव्हण्यानं त्याचा व्हिडिओ काढला आहे. तो आमच्या घराण्यात आता पिढ्यान्‌पिढ्या दाखवला जाईल.

शेडमधला मिस्त्री साठीचा, कमरेला लुंगी. "वांग, वांग," म्हणाला. मेव्हणा कुजबुजला, "दाजी, वांगी कशाला मागतोय?" वांग म्हणजे या. मिस्त्रीनं गाडीकडं पाहिलं, बिडाच्या इंजिनाच्या पंख्यांवर हात फिरवला आणि म्हणाला, "मद्रास वंडी." चेन रॉकेलमध्ये बुडवली, ब्रशनं घासली, चाकाला घातली. मग पत्ती चिमट्यात धरून माझ्या डोळ्यांपुढं नेली, बंद टोकावर बोट ठेवलं आणि हवेत पुढच्या दिशेला बाण काढला. शाळेतल्या पोराला दाखवावं तसा. दोनदा. कुठून आलात, हे त्यानं खुणेनं विचारलं. मी "पंढरपूरजवळ" म्हटल्यावर त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला, ग्रीसचे हात छातीशी जोडले आणि "पांडुरंगा" म्हणाला. पैसे पन्नासच घेतले. दोन जादा पत्त्या कागदात गुंडाळून दिल्या.

गोविंदपुरम्‌चं मंदिर लांबूनच वेगळं दिसतं. आजूबाजूला सगळी दाक्षिणात्य गोपुरं आणि मध्येच हे आपल्याकडच्या वळणाचं उंच शिखर. 2011 मध्ये विठ्ठलदास महाराजांनी ते उभं केलं. शेजारी मोठी गोशाळा आहे. गाव मात्र जुनं. कांची मठाचे बोधेंद्र सरस्वती यांची समाधी इथंच आहे, 1692 ची. रामनामाचा महिमा सांगत फिरलेले संन्यासी. त्या समाधीच्याही आधी, 1676 च्या सुमारास, व्यंकोजीराजे तंजावरला आले आणि 1855 पर्यंत तिथं मराठी राज्य राहिलं. एकोणिसाव्या शतकात मोरगावकर रामचंद्रबुवांची मराठी कीर्तनं तंजावरात गाजली, त्यावरून तिकडची हरिकथा घडली. म्हणून तमिळ भागवतर मंडळी आजही भजनात अभंग म्हणतात.

मी गेलो तेव्हाही आत अभंगच चालला होता. उच्चार तमिळ, ळ जरा जास्त घोळवलेला, पण टाळ आपलाच. शेजारच्या आजोबांना सगळं पाठ होतं. मी दुसऱ्या कडव्याला अडखळलो, त्यांनी मोठ्यानं म्हणून मला सावरून घेतलं. नखांत ग्रीस होतं म्हणून मी टाळी जरा हळूच वाजवत होतो.

बाहेर आलो तर गाडीखाली तेलाचे रुपयाएवढे दोन थेंब. वॉशर बदलायचा मी दिवाळीपासून टाळतोय. मेव्हण्यानं मुठीत वाळू आणून त्यावर टाकली. बायकोला फोन लावला.

"पोचलात?"

"पोचलो."

"ढकलत की चालवत?"

मी मेव्हण्याकडं पाहिलं. त्यानं व्हिडिओ आधीच पाठवला होता.