पडद्यावरील मनकवडे आणि ठाण्यातील नोंदवही

गुन्हेगाराच्या मनाचा ठाव घेऊन त्याला हुडकून काढणारे अधिकारी हा दूरचित्रवाणीवरील मालिकांचा जगभर रुळलेला विषय आहे. अमेरिकेत २२ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झालेली ‘क्रिमिनल माइंड्स’ ही या जातीची सर्वांत गाजलेली मालिका. पंधरा हंगामांत तिचे ३२४ भाग झाले, फेब्रुवारी २०२० मध्ये ती संपली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्या उपनामासह पुन्हा अवतरली. मध्यंतरी २०११ साली आणि २०१६ साली तिच्या दोन उपमालिका निघाल्या, तर २०१७ साली दक्षिण कोरियात तिची स्वतंत्र आवृत्ती तयार झाली. एका मुळापासून इतक्या फांद्या फुटाव्यात, यावरून या विषयाची प्रेक्षकांवर पडणारी मोहिनी ध्यानात यावी.

आपल्याकडे हे स्थान ‘सीआयडी’ या मालिकेने मिळविले. २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेली ही मालिका ऑक्टोबर २०१८ पर्यंत अखंड चालली, तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने पुनरागमन केले. भाषा हिंदी असली तरी तिचे कूळ मराठी मुलखातलेच आहे. तिचे जनक बी. पी. सिंग यांनी मुंबई दूरदर्शनच्या वृत्तविभागात कॅमेरामन म्हणून काम केले होते आणि मुंबई पोलिसांच्या तपासावर आधारलेली ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिकाही त्यांचीच. त्या मालिकेतील शिवाजी साटम पुढे एसीपी प्रद्युम्न म्हणून घरोघर पोहोचले. बँकेतील नोकरी सांभाळून रंगभूमीवर आलेल्या या नटाला देशभरातील मुले खराखुरा पोलीस अधिकारी समजू लागली, ही गोष्ट लहान नव्हे. या मालिकेलाही फांद्या फुटल्या. ‘स्पेशल ब्युरो’ नावाची उपमालिका निघाली, बंगालीत कोलकात्याचे पथक अवतरले, आणि इतर मालिकांतील पात्रांशी या पथकाच्या गाठीभेटीही घडवून आणण्यात आल्या.

इचलकरंजीला खेटून वाढलेल्या कबनूरसारख्या यंत्रमागांच्या गावात अशा मालिकेला हमखास प्रेक्षक मिळतो, त्याला आर्थिक कारण आहे. मागावरील कामगाराचे आयुष्य दिवसपाळी आणि रात्रपाळीत विभागलेले असते. रोज पुढे सरकणारी कौटुंबिक मालिका त्याला झेपत नाही, कारण पाळी बदलली की धागा तुटतो. गुन्हेशोधाच्या मालिकेत मात्र प्रत्येक भागाचा निकाल त्याच दिवशी लागतो. चार आठवडे चुकले तरी पाचव्या आठवड्यात काही अडत नाही. वाहिनीच्या दृष्टीनेही हा सौदा किफायतीचा ठरतो. कार्यालय, प्रयोगशाळा आणि चार-पाच ओळखीचे चेहरे एकदा उभे केले की वर्षानुवर्षे तेच भांडवल वापरता येते, आणि जुने भाग कोणत्याही क्रमाने पुन्हा दाखविता येतात. उपमालिका काढण्यामागेही हेच गणित असते. नव्या नावावर पैसा लावण्यापेक्षा परिचित नावाला जोडून माल खपविणे कमी धोक्याचे.

परंतु हे गणित नेहमीच जुळते असे नाही. ‘क्रिमिनल माइंड्स’ची पहिली उपमालिका अवघ्या १३ भागांत आटोपली आणि दुसरी २६ भागांत. विषय तोच, पद्धत तीच, नावही तेच. तरीही प्रेक्षक फिरकला नाही. याचा अर्थ असा की प्रेक्षकाला मनाचे शास्त्र ऐकायचे नसते. त्याचा जीव जडतो तो एकमेकांना धरून राहणाऱ्या, बोलावताच धावून येणाऱ्या एका विशिष्ट पथकावर. ज्या समाजात शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण लहानपणीच कानावर पडते, ज्या समाजात तक्रार लिहून घ्यावी म्हणून ठाण्यात ताटकळावे लागते, त्या समाजाला एसीपी प्रद्युम्न यांचे आकर्षण वाटते ते यामुळेच. कोणाचा वशिला न विचारता ते घटनास्थळी हजर होतात. वेळेवर येणाऱ्या सरकारचे हे स्वप्न आहे, आणि ते स्वप्न पाहिल्याबद्दल प्रेक्षकाला दोष देण्याचे कारण नाही.

दोष आहे तो त्या स्वप्नासोबत मनात उतरणाऱ्या एका समजुतीत. गुन्ह्याचा छडा तीव्र बुद्धीच्या माणसाला क्षणात लागतो, ही ती समजूत होय. तिचा उगम अमेरिकेत आहे. तेथील ‘एफबीआय’ या तपास यंत्रणेने १९७२ साली वर्तनशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. पुढे रॉबर्ट रेसलर आणि जॉन डग्लस या अधिकाऱ्यांनी तुरुंगातील ३६ खुन्यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या स्वभावाचे नमुने बसविण्याचा यत्न केला. या उद्योगाला अभ्यास म्हणून महत्त्व आहे. पण पडद्यावर त्याचे मनकवडेपणात रूपांतर झाले. प्रेत पाहायचे आणि खुनी किती वर्षांचा, आईशी त्याचे कसे संबंध होते, हे सांगून मोकळे व्हायचे!

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो? १९६८ साली मुंबईच्या उत्तर उपनगरांत झोपड्यांतून आणि पदपथांवर निजलेल्या गोरगरिबांचे एकामागून एक खून पडू लागले. तपासाची सूत्रे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. अखेर २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या रामन राघवला ओळखले. ओळखले ते कशाच्या आधारावर? तो पूर्वी पोलिसांच्या हाती लागलेला असल्याने त्याची छायाचित्रे दप्तरी होती, आणि त्याला पाहिलेल्या लोकांनी केलेले वर्णन हाताशी होते. एका कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याने ते ध्यानात ठेवले होते, इतकेच. रामन राघवच्या मनाचा विचार झाला तो पुढे, शिक्षेच्या प्रश्नावर. १९६९ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली, परंतु त्याचा मनोविकार बरा होण्याजोगा नाही असे तज्ज्ञांनी सांगितल्यावर उच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ती जन्मठेपेवर आणली. मानसशास्त्राने येथे महत्त्वाचे काम केले, पण ते न्यायाचे काम होते. शोधाचे काम नोंदवहीने आधीच केले होते.

दुसरे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्याला विसरता येणार नाही असे आहे. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली यांनी १९९० ते १९९६ या काळात महाराष्ट्राच्या निरनिराळ्या शहरांतून लहान मुले पळविली, चोऱ्यांसाठी त्यांचा उपयोग केला आणि त्यांतील कित्येकांचे प्राण घेतले. ही मुले बहुतेक गरिबांची होती. आता मालिकेतील तज्ज्ञ या प्रकरणाकडे कसा पाहील? एकलकोंडा, विकृत, मध्यमवयीन पुरुष असा साचा तो हाती घेईल. त्या साच्यात एक आई आणि तिच्या दोन मुली बसल्याच नसत्या. प्रत्यक्षात १९९६ मध्ये या टोळीला अटक झाली ती कौटुंबिक वैरातून पळविलेल्या एका मुलीच्या प्रकरणातून, तिच्या घरच्यांनी केलेल्या तक्रारीमुळे. खटला उभा राहिला तो माफीच्या साक्षीदाराच्या जबानीवर आणि गावोगाव हिंडून जमविलेल्या पुराव्यावर. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि दयेच्या अर्जावरील विलंबामुळे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तिचे जन्मठेपेत रूपांतर केले. एका शहरातील बेपत्ता मुलाची नोंद दुसऱ्या शहरातील नोंदीशेजारी ठेवून पाहण्याची सोय त्या सहा वर्षांत नव्हती. देशातील पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याच्या योजनेला केंद्राची मंजुरी मिळाली तीच मुळी २००९ साली.

मनकवडेपणावर विसंबण्याची किंमतही मोजावी लागते. १९९२ साली लंडनमधील विम्बल्डन कॉमन येथे एका तरुण आईचा तिच्या लहान मुलादेखत खून झाला. एका मानसतज्ज्ञाने खुन्याचे मनोचित्र रेखाटले, पोलिसांनी त्यात बसणारा एक माणूस हेरला आणि त्याला बोलते करण्यासाठी एका महिला पोलिसाला खोटी मैत्री करायला लावले. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी हा पुरावा साफ फेटाळला. खरा खुनी निराळाच होता. डीएनए चाचणीच्या आधारे २००८ मध्ये त्याचा गुन्हा शाबीत झाला. आणि दरम्यान, नोव्हेंबर १९९३ मध्ये, त्याने आणखी एका आईचा व तिच्या चिमुरडीचा बळी घेतला होता. एका मार्गावर खर्च केलेले श्रम दुसऱ्या मार्गाला मुकतात, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक नियम इतक्या क्रूरपणे क्वचितच सिद्ध झाला असेल.

आपल्याकडेही मनात डोकावण्याचा मोह यंत्रांच्या रूपाने आला. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीला पुराव्यात स्थान दिले, तेव्हा जगभर चर्चा झाली. त्यानंतर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्वाळा दिला की, संमतीवाचून नार्को, असत्यशोधन किंवा मेंदूची चाचणी करणे घटनेला धरून नाही. पडद्यावर मात्र एक सणसणीत थप्पड बसताच आरोपी घडाघडा कबुली देतो आणि त्याला फाशी होणार हे अधिकारीच जाहीर करून टाकतो. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हे १८७२ च्या कायद्याने सांगितले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तेच कायम ठेवले. ही तरतूद गुन्हेगाराची पाठराखण करण्यासाठी नाही. मारहाणीने कोणाकडूनही काहीही वदविता येते, या अनुभवातून ती आली आहे.

ही तर निव्वळ करमणूक, तिच्यावर इतके ओझे कशाला, असे कोणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य आहे. शिवाय ‘सीआयडी’ने डॉ. साळुंखे यांच्या प्रयोगशाळेला मानाचे स्थान दिले. बोटांचे ठसे, रक्तगट, विषाची परीक्षा हे शब्द शाळकरी मुलांच्या तोंडी आणले, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण त्या प्रयोगशाळेत अहवाल तासाभरात येतो. खरी प्रयोगशाळा रसायने, उपकरणे आणि शिकलेली माणसे यांवर चालते, आणि त्या तिन्हींना पैसा लागतो. महाराष्ट्रात न्यायसहायक विज्ञानाच्या ज्या मोजक्या प्रयोगशाळा आहेत, त्यांपैकी एक कोल्हापुरात आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत या शास्त्राच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा केलाच पाहिजे, असा दंडक नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने घातला असून त्याच्या अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. पुरेशी माणसे नेमली नाहीत, तर हा दंडक कागदावर राहील आणि नमुन्यांची गाठोडी कपाटात.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे जरूर आहे. पडद्यावरील गुन्हा म्हणजे खून, तोही बहुधा बंगल्यातला. कबनूरच्या कुटुंबाला ज्या गुन्ह्याची झळ पोहोचू शकते तो वेगळा असतो. व्यापारी उधारीवर कापड उचलतो आणि एके दिवशी गाळ्याला कुलूप लावून पसार होतो. जादा व्याजाच्या आमिषाने ठेवी गोळा करणारी योजना बुडते. दूरध्वनीवरून गोड बोलून कोणी बँकेतील शिल्लक काढून नेतो. खर्चीवर माग चालविणाऱ्या लहान कारखानदाराला यांतील एक घाव पुरेसा असतो. कामगाराची मजुरी, मुलाची फी, सारेच थकते. अशा गुन्ह्यात मनाचा ठाव घेण्यासारखे काही नसते. लोभ सर्वांच्या ओळखीचा आहे. तेथे हवा असतो खातेवही वाचता येणारा पोलीस आणि पहिल्या दिवशी दाखल होणारी तक्रार. ठेवीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ साली स्वतंत्र कायदा केला आहे, आणि आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक उपलब्ध आहे. परंतु या विषयांवर मालिकेचा भाग बेतायला निर्माता सहसा धजत नाही, कारण हिशेब तपासणारा माणूस पडद्यावर रंगत नाही.

प्रेक्षकांनी मालिका पाहू नयेत, असा उपदेश करण्यात अर्थ नाही. शिक्षक-प्राध्यापकांना मात्र एक करता येण्याजोगे आहे. विद्यार्थी ज्या आवडीने या मालिकांविषयी बोलतात, त्याच आवडीचा धागा पकडून त्यांना सांगता येईल की, नव्या कायद्याप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोणत्याही ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न काढता नोंदविता येते आणि तिची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळाली पाहिजे. नागरिकांनी लोकप्रतिनिधींना विचारावे की, जिल्ह्यातील ठाण्यांत तपासासाठी मंजूर पदे किती आणि भरलेली किती, प्रयोगशाळेत अहवालासाठी थांबलेली प्रकरणे किती, आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणारे प्रशिक्षित अधिकारी किती. अर्थसंकल्पाच्या चर्चेत हे आकडे मागितले गेले पाहिजेत. फसलेल्या ठेवीदाराचे पैसे परत मिळणे किंवा हरवलेले मूल वेळेत सापडणे, हे त्या आकड्यांवरच ठरत असते.