सांडपाणी : आधी जिरवू, मग वापरू

अर्धापूरच्या आसपास केळीच्या बागा आहेत, इसापूरच्या कालव्याचं पाणी आहे. इथल्या शेतकऱ्याला पाण्याची किंमत सांगायला नको. पण मोरीतून बाहेर जाणाऱ्या पाण्याचा हिशोब आपण सहसा मांडत नाही. आज तो मांडू.

जलजीवन मिशनने २०१९ मध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं माप ठरवलं. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर होतात. त्यातलं पाऊण पाणी बाहेर पडतं असं धरलं, तर घरटी साधारण २०० लिटर. दीड हजार वस्तीच्या गावात हेच रोज साठ हजार लिटरवर जातं, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर! नळ घरात आला, पण नाली तीच राहिली, म्हणून हे पाणी रस्त्यावर साचतं.

यावर आपल्याच जिल्ह्याने एक वाट दाखवली. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले, उघड्या नाल्या बंद केल्या आणि डास कमी करून दाखवले. तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी अभिमन्यू काळे यांच्या काळात जिल्हा परिषदेने रोजगार हमीतून हे काम गावोगाव नेलं. ‘मॅजिक पिट’ आणि ‘नांदेड पॅटर्न’ ही नावं तेव्हाची.

खड्डा साधा असतो. सुमारे चार फूट लांब, रुंद, खोल. मध्ये भोकं पाडलेली टाकी, भोवती दगडगोटे, वर झाकण. पाणी टाकीत येतं, गाळ खाली बसतो, पाणी भोकांतून दगडांत आणि तिथून मातीत जातं. उघडं पाणीच उरलं नाही की घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास अंडी कुठे घालणार? मात्र एक लक्षात ठेवा, डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. त्यामुळे खड्डा झाला तरी रांजण, टाकी, टायर आठवड्यातून एकदा रिकामे करावेच लागतात.

आता अडचण कुठे येते ते बघू. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी अडवते. चार फुटी खड्ड्याच्या चार भिंती मिळून जवळपास सहा चौरस मीटर होतात. काळ्या मातीत प्रत्येक चौरस मीटर रोज दहाच लिटर पाणी पीत असेल, तर खड्डा साठ लिटरही घेणार नाही, आणि आपल्याला दोनशे जिरवायचंय. तोच खड्डा खाली मुरमात पोचला आणि चौरस मीटरला ४० लिटर जिरलं, तर काम भागतं. म्हणून खोदण्याआधी छोटा खड्डा करून रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी परत भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. एवढं न करता एकच माप गावभर चालवलं तर खड्डे तुंबू शकतात.

दुसरी काळजी विहिरीची आणि बोअरची. शौचालयाचं पाणी या खड्ड्यात कधीच सोडायचं नाही. पिण्याच्या पाण्याजवळ शोषखड्डा घ्यायचा नाही. जमिनीत गेलेलं पाणी दिसत नाही, एवढंच. जंतू आणि नायट्रेट तिथेच असतात, आणि ते पिणार आपलीच मुलं.

जिथे माती पाणी घेत नाही, तिथे गावाच्या शेवटी एकत्र प्रक्रिया करावी. आधी गाळ बसवणारी टाकी. मग आडव्या भिंतींची बंद टाकी, जिथे हवेशिवाय जगणारे जीवाणू घाण पचवतात. मग खडीचा वाफा, त्यात कर्दळ किंवा पाणकणीस. मुळांभोवतीचे जीवाणू उरलेली घाण खातात, झाडं थोडं नत्र-स्फुरद घेतात. उतार असेल तर विजेची गरजच नाही. गाळ मात्र वेळच्या वेळी उपसावा लागतो. हे काम कुणाचं, ते बांधकामाआधी ठरवा.

पैशाचा मार्गही आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंतची तरतूद झाली. दीड हजार वस्तीला ती चार लाख वीस हजार होते.

प्रक्रिया झालेलं पाणी केळीला सरीतून द्या, कच्च्या खाण्याच्या भाजीला देऊ नका. ग्रामसभेत पुढच्या वेळी खड्डे किती झाले हे विचाराच, पण त्यातले किती पाणी घेतात, हे आधी विचारा.