ब्रॉन्क्समधली एक बंद पडलेली शाळा

'कॉन्व्हेंटची शाळा' म्हटलं की आपल्याला इंग्रजी, टाय आणि भरमसाट फी आठवते. आज मी ज्या शाळेबद्दल बोलणार आहे ती तशी नव्हती. न्यूयॉर्क शहरात ब्रॉन्क्स नावाचा मोठा भाग आहे आणि त्यात साउंडव्ह्यू ही कष्टकऱ्यांची वस्ती. तिथे 'ब्लेसेड सॅक्रमेंट' ही कॅथलिक शाळा होती, आठवीपर्यंतची. २०१३च्या जूनमध्ये ती कायमची बंद झाली. तिचं नाव आज घेतलं जातं ते मुख्यतः एका विद्यार्थिनीमुळे. ती विद्यार्थिनी म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर.

पण आधी अशा शाळा उभ्या कशा राहिल्या ते पाहू. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड, जर्मनी, इटलीहून लाखो गरीब कॅथलिक अमेरिकेत आले. तिथल्या सरकारी शाळांवर प्रोटेस्टंट पंथाचा पगडा होता आणि बायबलसुद्धा त्यांच्याच आवृत्तीतलं वाचलं जायचं. त्यावरून १८४४ साली फिलाडेल्फियात दंगली पेटल्या, माणसं मेली. पुढे १८८४ मध्ये बाल्टिमोरला बिशपांची मोठी परिषद भरली आणि तिनं ठरवलं की प्रत्येक धर्मग्रामानं दोन वर्षांत स्वतःची शाळा काढायची. धर्मग्राम म्हणजे एका चर्चभोवतीचा समाज, वसईकरांना हा शब्द नवा नाही.

आता प्रश्न पैशाचा. सरकारी मदत नाही, पालक मजूर. मग शाळा चालणार कशी? याचं उत्तर म्हणजे सिस्टर्स. त्यांना घर नाही, संसार नाही. मठात राहायचं आणि जेमतेम खर्चापुरत्या मानधनावर पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळायचा. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांमधले साधारण ९० टक्के शिक्षक असे व्रतस्थ होते. म्हणजे फी कमी होती त्याचं कारण शिक्षण स्वस्त होतं असं नाही. शिकवणाऱ्या बायका आपलं श्रममूल्य सोडून देत होत्या.

ब्लेसेड सॅक्रमेंटमध्येही 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी' शिकवत. सोनियांचे आईवडील पोर्तो रिकोहून आलेले. घर सरकारी वसाहतीत, घरातली भाषा स्पॅनिश. सातव्या वर्षी मधुमेहाचं निदान झालं, नवव्या वर्षी वडील गेले. आई नर्स. ती आठवड्याचे सहा दिवस राबायची आणि त्यातून दोन्ही मुलांची फी भरायची. असा आजार असूनही या मुलीची हजेरी जवळजवळ पूर्ण असायची.

त्यांचं आत्मचरित्र आहे, 'माय बिलव्हेड वर्ल्ड'. त्यात शाळेचं गोडगोड चित्र नाही. सिस्टर्सचा धाक होता, मारही होता, आणि ते त्यांना आवडलं नव्हतं हे त्यांनी स्पष्ट लिहिलंय. मला त्यातला एक प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. पाचवीत असताना त्या वर्गातल्या एका हुशार मुलीकडे गेल्या आणि सरळ विचारलं, 'तू अभ्यास कसा करतेस?' त्या मुलीनं सांगितलं की महत्त्वाच्या ओळींखाली रेघ मारायची, टिपणं काढायची, परीक्षेआधी ती पुन्हा वाचायची. एवढंच! पण ज्या घरात हे सांगणारं कुणी नसतं, तिथे हीच गोष्ट आयुष्य बदलते. १९६८ साली त्या आठवीच्या वर्गात पहिल्या आल्या. पुढे प्रिन्स्टन, येल आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालय. धाकटा भाऊही याच शाळेतला, तो डॉक्टर झाला.

मग अशी शाळा बंद का पडली? साठच्या दशकानंतर सिस्टर्सची संख्या झपाट्यानं घटली. आज कॅथलिक शाळांमधल्या शिक्षकांत व्रतस्थ तीन टक्केही नाहीत. बाकीच्यांना पगार द्यावा लागतो. पगार आला की फी वाढली, आणि फी वाढली की गरीब मूल गेलं. साठच्या दशकाच्या मध्यावर या शाळांत ५० लाखांहून जास्त मुलं होती, आता १७ लाखांच्या आसपास आहेत.

इथे तुम्ही म्हणाल, सरकारनं पगार द्यावा की! आपल्याकडे मुंबई-वसईतल्या कितीतरी मिशनरी शाळा अनुदानित आहेतच. बरोबर आहे. आपल्या घटनेचं कलम ३० सांगतं की शाळा अल्पसंख्याकांची आहे म्हणून अनुदानात भेदभाव करायचा नाही. आणि कलम २८ सांगतं की अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाची सक्ती नको. अमेरिकेनं वेगळी वाट धरली. ऱ्होड आयलंड राज्यानं खासगी शाळांतल्या शिक्षकांच्या पगारात १५ टक्क्यांपर्यंत भर घालायचं ठरवलं होतं. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं, कारण त्यात सरकार आणि धर्मसंस्था एकमेकांत गुंततात.

अलीकडे न्यायालयाचा कल बदललाय. २०२२ मध्ये मेन राज्याचा खटला आला. तिथल्या ज्या खेड्यांत सरकारी हायस्कूल नाही, तिथल्या मुलांची खासगी शाळेची फी सरकार भरतं, मात्र धार्मिक शाळांना त्यातून वगळलं होतं. न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की असं वगळता येणार नाही. बहुमतात होते न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस. तेही जॉर्जियातल्या सव्हाना गावी कृष्णवर्णीय मुलांच्या कॅथलिक शाळेत सिस्टर्सच्या हाताखाली शिकलेले. आणि विरोधात सोटोमायोर, स्वतंत्र मतपत्रिका लिहून. दोघंही सारख्याच शाळांतून आलेले आणि निष्कर्ष मात्र उलट.

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला विचारलं होतं, 'मग ही बाई कृतघ्नच नाही का?' मला तसं वाटत नाही. २०१३च्या जानेवारीत महाधर्मप्रांतानं शाळा बंद करायचं जाहीर केलं, नेमकं त्याच महिन्यात त्यांचं आत्मचरित्र बाजारात आलं. त्यांना अतिशय दुःख झालं आणि ते त्यांनी उघड बोलून दाखवलं. ज्यांना दुसरा मार्ग नव्हता अशा मुलांचा तो रस्ता होता, असं त्यांचं म्हणणं. पण शाळेवर माया असणं वेगळं आणि करदात्याचा पैसा धर्मशिक्षणाला जावा का हे ठरवणं वेगळं. न्यायाधीशाला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं, आणि ते देताना आपली शाळा बाजूला ठेवावी लागते.

राहतो तो मूळ प्रश्न. पूर्वी सिस्टर्सच्या त्यागावर ही शाळा चालली. तो त्याग संपला, सरकार आत आलं नाही, आणि त्या नर्ससारख्या आईला फी परवडेनाशी झाली. शाळेचे नामवंत माजी विद्यार्थी मोजताना आपण टाळ्या वाजवतो. त्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च कुणी सोसला, हेही त्याच वेळी विचारायला हवं.