केळं नाही, लवंग नाही: गव्हाच्या बिअरला वास येतो कुठून?

जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, म्हणजे बव्हेरियातली 'वाइसबिअर' किंवा 'हेफेवाइत्सन', घरी कशी तयार होते हे आज आपण पाहणार आहोत. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे इथे बसलेल्यांसाठी हे शास्त्र आहे. परदेशातून जे ऐकताहेत, त्यांच्यासाठी कृतीसुद्धा आहे, पण तिथले नियम पाहूनच.

या बिअरचा ग्लास नाकाजवळ नेला की पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. आता किटचा खोका उघडा. आत काय असतं? गव्हाचा माल्ट, बार्लीचा माल्ट, थोडे हॉप्स आणि यीस्टची पुडी. केळं नाही, लवंगही नाही. मग हा वास येतो कुठून? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नावर आहे.

थोडा इतिहास बघू. १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकनी इंगोलश्टाट इथे नियम केला की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं. गहू नाही. तरीही गव्हाची बिअर टिकली, कारण ती बनवण्याचा खास हक्क डेगेनबेर्ग घराण्याला मिळाला होता. १६०२ मध्ये ते घराणं खुंटलं आणि हक्क ड्यूककडे परत गेला. पुढे १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडर यांनी तो म्युनिकमध्ये मिळवला. पण त्या १५१६ च्या यादीत आणखी एक गोष्ट नाही, बघा. यीस्ट नाही! कारण बिअर नेमकं कोण आंबवतं हेच तेव्हा माहीत नव्हतं. लुई पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक आलं १८७६ साली. म्हणजे जो या बिअरचा खरा कर्ता, त्याचं नाव यादीत नव्हतंच.

आता कृतीकडे येऊ. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, त्याच्याच जवळचा हा प्रकार. २० लिटर बिअरसाठी साधारण अडीच किलो गव्हाचा आणि दोन किलो बार्लीचा माल्ट लागतो, भरड दळलेला. जर्मनीत या बिअरमध्ये निदान निम्मा माल्ट गव्हाचा असावाच लागतो. काही किटांमध्ये माल्टचा तयार अर्क मिळतो. तो पाण्यात कालवला की झालं. ऑल-ग्रेन किटमध्ये मात्र धान्यातून साखर आपल्यालाच काढावी लागते. मेहनत जास्त, पण चाव्या आपल्या हातात राहतात. अशा दोन चाव्या आहेत.

पहिली चावी लवंगेची. भरड सुमारे १६ लिटर कोमट पाण्यात कालवायची आणि तापमान ४५ अंशांवर १५ मिनिटं धरायचं. या तापमानाला धान्याच्या पेशींच्या भिंतीतून फेरुलिक आम्ल सुटं होतं. पुढे यीस्ट त्याचं रूपांतर करतं आणि लवंगेसारखा वास देणारं रसायन तयार होतं. लवंगेतल्या युजेनॉलचं ते जवळचं नातेवाईक. ही पायरी गाळली तरी बिअर होते, पण लवंग फिकी पडते.

मग तापमान ६३ ते ६५ अंशांवर नेऊन ४० मिनिटं आणि ७२ अंशांवर २० मिनिटं ठेवायचं. इथे धान्यातले एन्झाइम पिष्टाची साखर करतात. सारखं ढवळत राहायचं, नाहीतर तळाला लागतं. काम झालं की नाही हे कळायला थेंबभर पाणी बशीत घेऊन त्यावर आयोडिन टाकायचं. निळं-काळं झालं तर पिष्ट शिल्लक आहे, थांबा. ती बशी मात्र टाकून द्यायची, परत भांड्यात ओतायची नाही.

यानंतर गाळणं. गव्हाला बार्लीसारखं टरफल नसतं. टरफलांमुळे धान्याच्या थरात वाट मोकळी राहते. ती नसली की थर चिकट होतो आणि पाणी तुंबतं. म्हणून घाई करायची नाही. हवं तर मूठ-दोन मूठ धुतलेला भाताचा तूस मिसळायचा. वरून ७५-७८ अंशांचं पाणी हळूहळू सोडून उरलेली साखर धुऊन घ्यायची. मग हे गोड पाणी तासभर खळखळून उकळायचं. उकळी फुटली की २० ते २५ ग्रॅम हॉप्स, उदाहरणार्थ हालरटाउ जातीचे. या बिअरला कडवटपणा कमीच हवा. उकळणं संपलं की लवकर थंड करायचं. इथून पुढे जे जे त्या पाण्याला लागेल, ते निर्जंतुक केलेलंच हवं.

दुसरी चावी केळ्याची. यीस्ट वाइसबिअरच्याच जातीचं हवं. दुसऱ्या यीस्टने हा वास येणार नाही. पाणी १७-१८ अंशांवर आलं की यीस्ट घालायचं. आंबताना यीस्ट आयसोअमाइल अॅसिटेट तयार करतं. पिकलेल्या केळ्याच्या वासात हेच रसायन असतं. तापमान २२-२३ अंशांकडे गेलं की केळं वाढतं, लवंग मागे पडते. १८ च्या आसपास ठेवलं तर दोन्ही जुळून येतात. इडलीचं पीठ उन्हाळ्यात किती झटपट आंबतं ते तुम्हाला ठाऊक आहे. इथेही तसंच आहे. शिवाय आंबताना उष्णता निघते, त्यामुळे आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंश जास्त असू शकतं. थर्मामीटर भिंतीला नको, भांड्याला लावा. आणि फेस खूप चढतो, तेव्हा २० लिटरसाठी भांडं ३० लिटरचं घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथे इजा होऊ शकते. सुरुवातीची घनता १.०५० असेल आणि ती १.०१२ वर उतरली, तर मद्यार्क साधारण ५ टक्के होतो. ही घनता सलग तीन दिवस हलली नाही, तरच बाटल्या भरायच्या. फेसासाठी लिटरला ८ ग्रॅम साखर, म्हणजे २० लिटरला १६० ग्रॅम. घनता आणखी ४ अंकांनी, म्हणजे ०.००४ ने, उतरायची राहिली असेल, तर या साखरेमुळे होतो साधारण तेवढाच वायू वर आणखी तयार होतो. दाब जवळजवळ दुप्पट! पातळ काचेची बाटली हातात फुटते. म्हणून बाटल्या जाड काचेच्याच हव्यात आणि निर्णय कॅलेंडर बघून नाही, घनता मोजून घ्यायचा.

दोन-तीन आठवड्यांत बिअर तयार होते आणि ती ताजीच चांगली लागते. ओतताना शेवटचा घोट बाटलीत ठेवून ती हलकेच फिरवतात आणि तळाचं यीस्टही ग्लासात घेतात. 'हेफे' म्हणजे जर्मनमध्ये यीस्टच.

तर उत्तर असं: वास खोक्यात नसतो. खोक्यात धान्य आणि यीस्ट असतं. वास यीस्ट तयार करतं आणि किती, कोणता, हे तापमान ठरवतं. म्हणून एकच किट दोन घरांत दोन वेगळ्या बिअर देतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.